शब्दकोश लिहिणारा ड्रॉपआउट

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, ॲडमिशन, फी, ड्रॉपआउट, डिग्री, डॉक्टर हे इंग्रजी शब्द मुलांना पाठ करायला लावण्याआधी त्यांना सॅम्युअल जॉन्सन यांची गोष्ट सांगून बघा.

जॉन्सन यांचा जन्म १७०९ साली इंग्लंडमधील लिचफिल्ड गावी झाला. वडिलांचं पुस्तकांचं दुकान होतं, पण पैशांची कायम चणचण. १७२८ मध्ये ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात ॲडमिशन मिळाली; फी मात्र झेपेना. तेरा महिन्यांत, डिग्री न घेताच कॉलेज सुटलं. म्हणजे आजच्या भाषेत ड्रॉपआउट! पुढे गावाजवळच स्वतःची शाळा काढली. विद्यार्थी मोजकेच आले आणि तीही बंद पडली.

मग त्यांनी लंडन गाठलं. १७४६ मध्ये इंग्रजी शब्दकोशाचं काम हाती घेतलं आणि सहा मदतनिसांसह जवळजवळ नऊ वर्षं ते राबले. १७५५ मध्ये चाळीस हजारांहून अधिक शब्दांचा कोश निघाला. त्याच्या थोडं आधी ऑक्सफर्डने त्यांना एम. ए. पदवी दिली. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १७६५ मध्ये आणि ऑक्सफर्डने १७७५ मध्ये डॉक्टरेट दिली. म्हणून ते डॉक्टर जॉन्सन! हे डॉक्टर औषध देणारे नव्हेत, हा फरकही मुलांना इथेच समजतो.

गोष्ट संपली की प्रत्येक शब्दावर एकेक वाक्य करून घ्या. आणि एक सांगू? फीपायी एखाद्या मुलाचं शिक्षण अडलं, तर ड्रॉपआउट हा शब्द त्याच्या कपाळावर चिकटवू नका. शिक्षण अडलंय, संपलेलं नाही.