वेठीचा निषेध आणि डॉ. आंबेडकर

दसरा-दिवाळी उलटली कीं कर्जत व खालापूर तालुक्यांतील कातकरी वाड्या रिकाम्या होऊं लागतात. पावसाळ्यांत चूल पेटावी म्हणून घेतलेली उचल फेडण्यासाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्टीवर अथवा कोळशाच्या भट्टीवर जातात. हिशेब मालकाच्या वहींत. मजुरास अक्षरओळख नाहीं. उचल फिटली नाहीं तर पुढील हंगामही त्याच मालकाकडे काढणें भाग पडतें. ही स्थिति पाहतां डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्राचें एक अंग वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें. परराष्ट्राच्या घटनेंतील एक तत्त्व त्यांनीं या भूमींत कसें रुजविलें, हें तें अंग होय.

तें राष्ट्र अमेरिका. तिच्या १७८७ सालच्या घटनेनें लोकसत्तेचा उद्घोष केला, पण गुलामगिरीस हात लावला नाहीं. यादवी युद्धांत लाखों माणसें पडलीं, तेव्हां कोठें १८६५ सालीं तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी व सक्तीची चाकरी निषिद्ध झाली. या घटनेचा प्रतिध्वनि महाराष्ट्रांत लवकर उमटला. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें.

पुढें अठरा वर्षांनीं, १४ एप्रिल १८९१ रोजीं, महू येथें भीमरावांचा जन्म झाला. घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडव्याचें. वडील लष्करांत सुभेदार. तरीही शाळेंत या मुलास गोणपाटावर वेगळें बसावें लागे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें सेलिग्मन व ड्यूई यांच्यासारखे गुरु लाभले. त्या देशांत समतेचा कायदा ग्रंथांत होता, पण काळ्या लोकांच्या वांट्यास वेगळी शाळा व वेगळा डबा येत होता. पुढें लंडन येथें अर्थशास्त्र व बॅरिस्टरी पुरी करून १९२३ सालीं ते मुंबईस परतले व वकिली करूं लागले.

कायद्यांतील हक्क बजावल्यावांचून आपला होत नाहीं, हें त्यांनीं आपल्या कुलाबा जिल्ह्यांतच दाखविलें. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून त्यांनीं सार्वजनिक पाण्यावरील सर्वांचा हक्क बजावला. त्यावरील दाव्याचा हायकोर्टाचा निकाल १९३७ सालीं त्यांच्या बाजूनें लागला. दरम्यान १९२८ सालीं त्यांनीं मुंबई कौन्सिलांत महार वतनाचें बिल आणलें. कारण वतनाच्या नांवाखालीं तुटपुंज्या मोबदल्यांत सबंध कुटुंबास अहोरात्र राबावें लागे. १९३७ सालीं खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. दोन्ही बिलें त्या वेळीं पार पडलीं नाहींत. परंतु खोती १९४९ च्या कायद्यानें व वतनें १९५८ च्या कायद्यानें गेलीं.

१९४६ सालीं त्यांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी ड्यू बॉइस यांस पत्र लिहून त्यांच्या लोकांनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. १९४७ सालच्या आपल्या घटनाविषयक निवेदनांत तेराव्या दुरुस्तीची परिभाषा घेऊन सक्तीची चाकरी हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. २९ ऑगस्ट १९४७ रोजीं ते मसुदा समितींत आले व तिचे अध्यक्ष झाले, आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारलेल्या घटनेच्या २३ व्या अनुच्छेदानें माणसांचा व्यापार, वेठबिगार व तत्सम सक्तीचें श्रम निषिद्ध केले.

ही नुसती नक्कल नव्हे. अमेरिकेनें शिक्षा झालेल्या कैद्यांचा अपवाद ठेवला आणि त्याच फटींतून दक्षिणेकडील संस्थानांनीं कैदी मजूर भाड्यानें दिले. जपानच्या १९४६ सालच्या घटनेंत तें तत्त्व त्या अपवादासह गेलें. आपल्या घटनेनें तो अपवाद त्या अनुच्छेदांत घेतला नाहीं. सार्वजनिक कार्यासाठीं सक्तीची सेवा घेण्याची मुभा ठेवली, तींतही धर्म, वंश, जात वा वर्ग पाहून भेद करण्यास मनाई केली. दुसऱ्याचें तत्त्व घ्यावें, पण त्यांतील भोक बुजवून घ्यावें, ही दृष्टि आम्हांस अनुकरणीय वाटते.

६ डिसेंबर १९५६ रोजीं डॉक्टर निवर्तले. त्यांच्या अनुच्छेदाचें काम मात्र चालूच राहिलें. १९७६ सालच्या कायद्यानें वेठीचें ऋण रद्द केलें, तें वेठीचें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला, आणि जिल्ह्यास व उपविभागास दक्षता समिति नेमण्यास सांगितलें. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, दारिद्र्यामुळें किमान वेतनाहून कमी मजुरींत राबणें हेंही सक्तीचें श्रम होय.

तेव्हां कर्जत-खालापूरच्या वाड्यांस नव्या कायद्याची गरज नाहीं. दक्षता समितीची बैठक भट्ट्या पेटण्यापूर्वीं भरावी, उचलीचा हिशेब मजुराच्या हातीं लेखी पडावा, पावसाळ्यांत रोजगार हमीचें काम मिळावें, आणि आमच्या वकीलबंधूंनीं मोबदल्याची अपेक्षा न धरतां हे अर्ज लिहून द्यावे. तेरावी दुरुस्ती न्यूयॉर्कहून दिल्लीस पोहोंचविणें हें एका पुरुषाच्या विद्वत्तेचें काम झालें. दिल्लीहून ती वाडीवर पोहोंचविणें हें आपणां सर्वांचें काम आहे.