यंत्रकार सर हेन्री रॉईस

आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असे. त्या संस्थानाचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी विलायतेहून एक रोल्स-रॉईस मोटार मागविली होती. पिवळ्या रंगाची व आत सिंहासनासारखे आसन असलेली ती मोटार येऊन पोहोचण्यापूर्वीच, १९११ साली, त्यांचे निधन झाले. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती जतन करून ठेविलेली आहे. ती पाहताना तिच्या धन्याचे वैभव सर्वांच्याच मनात येते. ती ज्याच्या बुद्धीतून व हातांतून निर्माण झाली, त्याचे स्मरण फार थोड्यांस होते. त्या कारागिराचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

हेन्री रॉईस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडात पीटरबरो शहराजवळील ऑलवॉल्टन या खेड्यात झाला. वडिलांचा धंदा पिठाच्या गिरणीचा. पण त्यात त्यांस यश आले नाही, आणि १८७२ साली, हेन्री नऊ वर्षांचा असतानाच, ते वारले. पोटासाठी त्या मुलाने वर्तमानपत्रे विकली, पुढे घरोघर तारा पोहोचविल्या. शाळेचा लाभ त्यास सगळा मिळून जेमतेम वर्षभर झाला. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर परमुलखी जाणारी व त्यामुळे शाळेस अंतरणारी मुले आमच्या जिल्ह्यात थोडी नाहीत. तेव्हा वर्ग सुटणे म्हणजे काय, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

पुढे नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईने त्याचा भार उचलला. वर्षास २० पौंड भरून तिने त्यास पीटरबरो येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीस ठेविले. तेथे धातूस आकार देण्याची विद्या त्याच्या हातात बसली. परंतु सुमारे तीन वर्षांनी त्या बाईजवळचा पैसा संपला आणि उमेदवारी अर्धवटच राहिली. मग लीड्स येथे आठवड्यास ११ शिलिंगांवर हत्यारे घडविण्याचे काम त्याने पत्करले. त्यानंतर लंडनमध्ये विजेच्या एका कंपनीत नोकरी धरून तो रात्रीच्या वर्गांत शिकू लागला.

१८८४ साली रॉईस यांनी मँचेस्टर येथे अर्नेस्ट क्लेअरमाँट यांच्या भागीदारीत लहानसा कारखाना काढला. त्यात रॉईस यांचे भांडवल अवघे २० पौंड होते. विजेच्या घंटा, डायनामो, ओझी उचलणाऱ्या याऱ्या अशी कामे करीत धंदा वाढला. पुढे त्यांनी एक फ्रेंच मोटार विकत घेतली. तिच्यातील उणिवा पाहून त्यांनी स्वतःच मोटार बांधावयास घेतली, आणि १ एप्रिल १९०४ रोजी ती रस्त्यावर आणली. त्याच वर्षी मे महिन्यात चार्ल्स रोल्स या श्रीमंत तरुणाशी त्यांची भेट झाली. बांधावे रॉईस यांनी व विकावे रोल्स यांनी, असे ठरले. १९०६ साली कंपनी स्थापन झाली.

१९०७ साली त्यांची सिल्व्हर घोस्ट ही मोटार जवळजवळ १५,००० मैल चालवून तिची परीक्षा घेण्यात आली. नंतर तिचा प्रत्येक भाग सुटा करून तपासला, तेव्हा झिजलेले भाग बदलण्यास दोन पौंडांहून थोडाच अधिक खर्च येईल असे आढळले.

या यशाचे मोल मात्र जबर होते. काम हाती असता रॉईस यांस जेवणाचे भान राहत नसे. कारखान्यातील मुलास दुधाचा पेला देऊन त्यांच्यामागे धाडावे लागे. १९१० साली रोल्स विमान कोसळून मरण पावले, आणि १९११ साली रॉईस स्वतः मरणाच्या दारातून परत आले. पुढे डर्बीच्या नव्या कारखान्यात त्यांचे पाऊल क्वचितच पडले. फ्रान्सच्या व इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहूनच ते आराखडे पाहत व सुधारीत. १९१९ साली ॲल्कॉक व ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक महासागर ओलांडला, तो त्यांच्याच कंपनीच्या एंजिनांवर.

१९२५ साली त्यांची फँटम मोटार निघाली. सहा सिलिंडरांचे, साडेसात लिटरांहून मोठे एंजिन आणि चारही चाकांस ब्रेक अशी तिची रचना होती. त्या काळी कंपनी चाके व एंजिन यांसह केवळ सांगाडा तयार करी. वरचा डौल, गाद्या व साज हे गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणे दुसरे कारागीर बांधीत. म्हणजे राजेरजवाडे ज्यावर भाळत ते बहुधा इतरांच्या हातचे असे. रॉईस यांचे काम पत्र्याखाली झाकलेले असे. न दिसणारा खिळाही त्यांनी कधी कसातरी बसू दिला नाही. १९३० साली त्यांस सरदारकी मिळाली, तरी ते स्वतःस यंत्रकारच म्हणवीत. २२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथे त्यांनी देह ठेविला.

दारिद्र्यानेच रॉईस घडले, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. दारिद्र्याने त्यांची शाळा हिरावली, उमेदवारी मोडली आणि बहुधा प्रकृतीही खचविली. त्यांस उभे केले ते त्या बाईच्या २० पौंडांनी व त्यांच्या स्वतःच्या चिकाटीने. विद्यार्थ्यांनी ती चिकाटी घ्यावी, पण वेळेवर जेवावे. आणि पालकहो, आपल्या नात्यात वा शेजारी एखाद्या मुलाचा वर्ग सुटू पाहत असेल, तर त्या बाईची आठवण ठेवावी, इतकीच आमची विनंती आहे.