संत जोसेफ वाझ : देवीच्या रोग्यांचे सेवक

पिंगुळी, कुडाळ, सावंतवाडी या परिसरातील आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मुळे गोव्यात आहेत. त्यामुळे संत जोसेफ वाझ आपल्याला परके नाहीत. त्यांच्या चमत्कारांच्या कथा आपण श्रद्धेने ऐकतो. परंतु त्यांनी केलेली रोग्यांची सेवा आम्हांला अधिक मोलाची वाटते.

२१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आजोळी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे ब्राह्मण ख्रिस्ती, प्रतिष्ठित. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे काही वर्षे कॅनरा प्रांतात सेवाकार्य करून ते गोव्यास परतले. श्रीलंकेच्या किनारी मुलखात त्या काळी डचांची सत्ता होती आणि कॅथॉलिक धर्मगुरूंना तेथे बंदी होती. १६८७ साली फादर वाझ गरीब मजुराच्या वेषात जाफना येथे पोहोचले. १६९२ मध्ये ते कँडीच्या बौद्ध राज्यात गेले, तेव्हा पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले.

त्याच कँडीत १६९७ साली देवीची भयंकर साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. घरच्यांनीच रोग्यांना रानात नेऊन टाकले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मात्र मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी निवारे उभारले, त्यांना अन्न भरविले, जखमा धुतल्या आणि बेवारस प्रेतांना माती दिली. शिवाशीव पाळणाऱ्या त्या काळात उच्चकुलीन माणसाने हे करणे किती कठीण होते, हे आपल्या कोकणात वेगळे सांगावयास नको. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू उपाशी, आजारी व बंदिवान यांच्याशी एकरूप होतो. तेथे त्यांचा धर्म विचारला जात नाही. फादर वाझ यांनीही तो विचारला नाही. राजा दुसरा विमलधर्मसूर्य या सेवेने प्रभावित झाला. तो अखेरपर्यंत बौद्धच राहिला. परंतु फादरांच्या कार्यास त्याने मोकळीक दिली.

बिशपपदाची सूचना त्यांनी नम्रपणे नाकारली. गोव्यास ते पुन्हा आलेच नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे ते प्रभूघरी गेले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. त्यांचा सण १६ जानेवारीस असतो.