सीमेचा हिशेब मांडणारे यशवंतराव

यशवंतराव चव्हाण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? १ मे १९६०, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे निबंधातलं ठरलेलं वाक्य. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथल्या हिस्टरीत तर ते एका ओळीत येऊन जायचे. पण सह्याद्रीने दिल्लीत जाऊन नेमकं केलं काय, हे कोणी सांगत नाही. मला तोच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो.

कोणी म्हणेल, बुलढाण्यात बसून बॉर्डरची काय चिंता? पण १९४८ पर्यंत सिंदखेडराजा, लोणारच्या खाली उतरलं की निजामाचं राज्य लागत होतं, म्हणजे आपला जिल्हाच सीमेवरचा होता. आजही पहाटे रस्त्याने बघा, भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात सीआरपीएफचे जे जवान शहीद झाले, त्यात दोघे आपल्या जिल्ह्याचे होते. सीमेचं नियोजन दिल्लीत चुकलं तर त्याची किंमत कुठल्या गावात मोजली जाते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. वडील प्लेगने गेले. आई विठाबाईंनी कऱ्हाडला कष्ट करून मुलं वाढवली. शाळेत असतानाच स्वातंत्र्याच्या चळवळीत, १९३२ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा, मग कोल्हापूरला बी.ए., पुण्याला वकिली, बेचाळीसला भूमिगत. १९४६ ला आमदार. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य झालं, विदर्भ त्यात आला आणि यशवंतराव मुख्यमंत्री झाले. म्हणजे बुलढाण्याचेही ते तेव्हापासूनचे मुख्यमंत्री. साताऱ्याची सैनिक शाळा, देशातली पहिली, त्यांच्याच कारकिर्दीत जून १९६१ मध्ये सुरू झाली.

मग आला १९६२ चा ऑक्टोबर. २० तारखेला चीनने हल्ला केला आणि महिनाभरात आपलं सैन्य मागे रेटलं गेलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं. नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, आणि त्याच सुमारास चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली! लढाई संपली होती, उरला होता पराभव. सैन्याचा मंत्र्यावर विश्वास नाही, मंत्रालयाचा सैन्यावर नाही, आणि लोक संतापलेले. नवा मंत्री सैनिकी प्रशिक्षण न घेतलेला वकील.

इथे त्यांनी जे केलं ते आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना पटकन समजेल. आधी मीटिंग लावली. रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव मंत्र्यासोबत एका टेबलावर. आता हे साधं वाटतं, पण कोणाला काय माहीत आहे हेच एकमेकांना माहीत नसेल तर कितीही बंदुका देऊन काय उपयोग! दुसरं म्हणजे फेल्युअर अ‍ॅनालिसिस. लष्करप्रमुख जनरल चौधुरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांना पराभवाची चौकशी सोपवली. अहवाल आला तो गुप्तच ठेवला, पण २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी लोकसभेत त्याचं सार सांगितलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, कमांडची रचना, जवानांची शारीरिक तयारी, कमांडर्सची क्षमता, सगळ्यावर बोलले. डोंगरातल्या युद्धाचं प्रशिक्षण कमी पडलं हेही मान्य केलं. एकाही माणसाला बळीचा बकरा मात्र केलं नाही. काहींना हे गुळमुळीत वाटतं. मला वाटतं तेव्हा ते बरोबर होतं, कारण त्याच अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा उभं राहायचं होतं.

मग १९६४ ची पंचवार्षिक संरक्षण योजना. सव्वाआठ लाखांची सेना, हवाईदलाच्या ४५ स्क्वाड्रन, पर्वतीय डिव्हिजन, देशातच शस्त्रनिर्मिती आणि सीमाभागातले रस्ते. रस्ते म्हणजे आपल्या सिव्हिलवाल्यांचा विषय! सीमा सडक संघटना १९६० पासून होतीच, आता रस्ता हा संरक्षणाच्या योजनेचाच भाग झाला. शस्त्रांसाठी ते अमेरिकेला गेले. तिथे असतानाच मे १९६४ मध्ये नेहरू गेल्याची बातमी आली आणि परत यावं लागलं. नंतर रशियाला गेले. मिग-२१ चा सौदा मेनन यांच्या वेळचा, पण ओझरचा कारखाना १९६४ चा. यशवंतराव नाशिकचेच खासदार, तेही बिनविरोध निवडून आलेले. ते मिग-२१ शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं.

परीक्षा लवकरच आली. एप्रिल १९६५ मध्ये कच्छमध्ये पाकिस्तानने सरदार पोस्टवर हल्ला केला, तेव्हा समोर सीआरपीएफच्या मोजक्या कंपन्या होत्या. पाकिस्तानची सीमा तोपर्यंत त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळायचे. एकच भिंत, पण प्रत्येक तुकड्याचा ठेकेदार वेगळा, असा प्रकार. १ सप्टेंबरला छांबमध्ये रणगाडे घुसले. हवाईदलप्रमुख अर्जनसिंग परवानगीला आले आणि यशवंतरावांनी फार वेळ न घेता होकार दिला. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली. निर्णयाची ही बाजू पण लक्षात ठेवली पाहिजे.

युद्धानंतर १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं, सुरुवातीला २५ बटालियन. पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी, जन्म कामठीचा, म्हणजे आपले वैदर्भीयच. हे दल गृहखात्याकडे गेलं आणि गंमत बघा, नोव्हेंबर १९६६ मध्ये यशवंतरावच गृहमंत्री झाले. दलाला स्वतःचा कायदा नव्हता. तो १९६८ मध्ये, त्यांच्याच काळात संसदेने मंजूर केला. शिस्त, अधिकार, शिक्षा, सगळं लेखी झालं. आज बीएसएफ पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर आहे, ती याच कायद्याने.

नंतर ते अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, उपपंतप्रधान झाले. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत ते गेले. त्यांचं आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' १९४६ पाशी थांबतं, म्हणून दिल्लीची ही सगळी गोष्ट त्यात नाही. ६५ च्या युद्धातल्या त्यांच्या डायरीतल्या नोंदी पुढे त्यांचे सचिव राम प्रधान यांनी पुस्तकात आणल्या. ब्रूक्स-भगत अहवालाचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने उघड केला. सरकारने तो अजूनही प्रसिद्ध केलेला नाही. १९६३ मध्ये झाकणं मला पटतं, पण आता साठ वर्षांनी कोणाचं मनोधैर्य खचणार आहे, ते काही कळत नाही.