चौतिसाव्या वर्षी काठी धरणारा वॉल्टर ट्रॅव्हिस

विद्या अंगी बाणावयाची तर ती लहानपणीच सुरू झाली पाहिजे, असे आपल्याकडील जुनी माणसे सांगत आली आहेत आणि त्यांच्या सांगण्यात तथ्य पुष्कळ आहे. कोवळा गळा हवा तसा वळतो, कोवळे मनगट हवे तसे फिरते. तथापि या नियमास जी थोडी माणसे अपवाद ठरली, त्यांची चरित्रे मुद्दाम पाहण्याजोगी असतात. कारण प्रौढ वयात काही शिकू पाहणाऱ्या माणसाला बालवयात चमकलेल्या अलौकिक कलावंताच्या चरित्राचा उपयोग थोडा. त्याला हवा असतो तो आपल्यासारखाच उशिरा निघालेला, पण मुक्कामाला पोहोचलेला वाटसरू. अमेरिकेचा गोल्फपटू वॉल्टर ट्रॅव्हिस हा अशा वाटसरूंपैकी एक होय.

गोल्फ हा खेळ आपल्या बडोद्यास अगदीच परका नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात त्याचे मैदान आहे आणि रस्त्याने जाता-येता ते हिरवे पट्टे पुष्कळांनी पाहिले असतील. खेळाचे मर्म दोन वाक्यांत सांगता येते. मैदानात ठिकठिकाणी सव्वाचार इंच रुंदीचे अठरा खळगे असतात आणि काठीने चेंडू मारीत तो एकामागून एक त्या खळग्यांत घालावयाचा असतो. ज्याला कमीत कमी फटके लागतील तो श्रेष्ठ. म्हणजे इतर खेळांत संख्या वाढवावयाची, तर येथे ती उतरवावयाची. नव्या खेळाडूला अठरा खळग्यांसाठी शंभरावर फटके सहज लागतात. निष्णात खेळाडू तेच काम बहात्तरांच्या आसपास उरकतो. मधले हे तीस-चाळीस फटके कसे झडावेत, हाच नवशिक्याचा सारा प्रश्न असतो आणि ट्रॅव्हिसचे चरित्र हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

ट्रॅव्हिसचा जन्म १८६२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात माल्डन या गावी झाला. तरुणपणी तो एका लोखंडी सामानाच्या व्यापारी पेढीत लागला आणि १८८६ साली त्या पेढीचा प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कला गेला. पुढे तो अमेरिकेचाच नागरिक झाला. व्यापारात जम बसला, संसार मांडला गेला. गोल्फकडे मात्र त्याचे लक्ष नव्हते. या खेळाविषयी त्याला आदर तर नव्हताच, उलट थोडी थट्टेचीच भावना होती. १८९६ साली तो इंग्लंडमध्ये असताना, न्यूयॉर्कजवळच्या आपल्या मित्रमंडळींनी गोल्फचा क्लब काढण्याचे ठरविल्याचे त्याच्या कानावर आले. मित्रांत मागे पडू नये एवढ्याच हेतूने त्याने काठ्यांचा एक संच विकत घेतला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लाँग आयलंडवरील ओकलंड क्लबच्या मैदानावर त्याने पहिला फटका मारला तेव्हा त्याचे वय चौतीस वर्षांचे होते. देहाने तो किरकोळ, दाढी राखणारा, तोंडात सतत काळा चिरूट धरणारा आणि मितभाषी. मोठा खेळाडू होण्याचे कोणतेच लक्षण त्याच्या ठायी दिसत नव्हते.

परंतु एकदा खेळ आवडल्यावर त्याने तो व्यापाऱ्याच्या शिस्तीने हिशेबात घेतला. इंग्लंडचा होरेस हचिन्सन आणि स्कॉटलंडचा विली पार्क या दोघांनी गोल्फवर लिहिलेली पुस्तके त्याने मिळविली, त्यातील एकेक सूचना मैदानावर नेऊन पडताळून पाहिली, पटले ते ठेवले आणि न पटले ते टाकले. खेळू लागल्यावर महिन्याभरातच क्लबच्या एका सामन्यात त्याने ११० फटक्यांत मैदान पुरे केले आणि नवख्यांना सवलत देणारा तो सामना जिंकला. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, त्याच क्लबचे अजिंक्यपद त्याने ८२ फटक्यांत मिळविले. एका वर्षात अठ्ठावीस फटके उतरले! वयाच्या पस्तिशीत, दिवसा व्यापार सांभाळून, हे कसे साधले?

त्याचे उत्तर त्याच्या शिकण्याच्या क्रमात आहे. नवशिका गोल्फपटू मैदानावर येतो तो बहुधा सर्वांत लांब काठी हाती घेऊन. चेंडू आकाशात उंच जावा, दोनशे यार्डांवर पडावा, बघणाऱ्यांनी मान डोलवावी, ही त्याची हौस असते. ट्रॅव्हिसने हा क्रम उलटा केला, आणि १९०१ साली लिहिलेल्या आपल्या ‘प्रॅक्टिकल गोल्फ’ या पुस्तकात इतरांनाही तोच सांगितला. खळग्यापासून सुरुवात करावी. प्रथम अगदी जवळून चेंडू आत ढकलावा, मग हळूहळू अंतर वाढवीत हिरवळीच्या कडेपर्यंत यावे, मग हिरवळीबाहेरचा आखूड फटका, मग अर्ध्या ताकदीचा, मग पुरा, आणि सरतेशेवटी ती लांब काठी. गाणे शिकणाऱ्या मुलाला आपण पहिल्या दिवशी तान देत नाही. षड्ज स्थिर होईपर्यंत त्याला तेथेच बसवितो. ट्रॅव्हिसने खळग्याजवळचा फटका हा आपला षड्ज मानला.

या क्रमामागे हिशेबही पक्का आहे. निष्णात खेळाडूसाठी ठरविलेल्या बहात्तर फटक्यांत प्रत्येक हिरवळीवर दोन फटके धरलेले असतात. अठरा खळग्यांचे छत्तीस, म्हणजे बरोबर निम्मे. हे निम्मे फटके मारण्यास ताकद लागत नाही, तारुण्य लागत नाही, उंची लागत नाही. लागते ती नजर, स्थिर हात आणि एकच हालचाल शेकडो वेळा तितक्याच निष्ठेने करण्याची तयारी. चौतीस वर्षांच्या किरकोळ माणसाला तरुण पैलवानाशी बरोबरी करता येईल अशी जागा मैदानावर कोठे असेल तर ती येथेच, हे ट्रॅव्हिसने ओळखले.

त्याचा हा धडा आजच्या नव्या खेळाडूने असा गिरवावा. तासाभराचा सराव असेल तर निम्मा वेळ हिरवळीवर काढावा. दोन-तीन फुटांवरून दहा चेंडू ओळीने आत गेल्याखेरीज एक पाऊलही मागे सरकू नये, आणि एखादा चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून धरावी. तीस-चाळीस फुटांवरून मारताना मात्र चेंडू आत घालण्याचा हट्ट न धरता तो खळग्याजवळ थांबावा एवढेच पाहावे. नवशिक्याला एका हिरवळीवर तीन फटके लागतात ते बहुधा दिशा चुकल्यामुळे नव्हे, तर अंतराचा अंदाज चुकल्यामुळे. हिरवळीबाहेरच्या आखूड फटक्यासाठी प्रथम एकच काठी निवडावी आणि ती हाताला ओळखीची होईपर्यंत बदलू नये. खेळ संपल्यावर एकूण आकडा लिहून न थांबता हिरवळीवरचे फटके किती, हरवलेल्या चेंडूंमुळे दंडाचे किती, हे वेगवेगळे मांडावे. रोग कोठे आहे हे कळल्यावाचून औषध देता येत नाही.

ट्रॅव्हिसलाही यश लगोलग मिळाले असे नाही. १८९८ साली तो अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि तेथे फिंडले डग्लस या स्कॉटलंडहून आलेल्या, लांब फटक्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या खेळाडूने त्याचा दणदणीत पराभव केला. १८९९ मध्ये पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा डग्लस, पुन्हा हार. मात्र या वेळी अंतर पुष्कळ कमी झाले होते. १९०० साली गार्डन सिटीच्या मैदानावर अंतिम सामन्यात तिसऱ्यांदा गाठ पडली ती डग्लसशीच, आणि ट्रॅव्हिस जिंकला. खेळ सुरू करून तेव्हा त्याला चार वर्षेही झाली नव्हती. १९०१ आणि १९०३ मध्ये त्याने तेच अजिंक्यपद पुन्हा मिळविले. मधल्या १९०२ साली धंदेवाईक खेळाडूंसह सर्वांना खुल्या असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत तो दुसऱ्या स्थानाचा वाटेकरी ठरला. स्पर्धेतले तरुण आपला चेंडू त्याच्या चेंडूच्या कितीतरी पुढे टाकीत. त्याचा चेंडू मात्र सरळ जाई, आणि हिरवळीवर पोहोचल्यावर पारडे फिरे.

१९०४ साली तो ब्रिटिश हौशी अजिंक्यपदासाठी इंग्लंडला गेला. हा चषक तोवर ब्रिटनबाहेर कधीच गेला नव्हता. सँडविच येथील रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर ही स्पर्धा होती. तेथे त्याचे स्वागत थंडपणाने झाले, निदान त्याच्या मनाने तरी तसे घेतले, आणि त्याच्या अबोल स्वभावामुळे हा दुरावा कमी होण्याऐवजी वाढला. त्यातच त्याचा जो हुकमी भाग, हिरवळीवरचा खेळ, तोच सरावात बिघडला. तेव्हा एका मित्राची निराळ्या घडणीची काठी त्याने उसनी घेतली. अमेरिकेतील स्केनेक्टडी या शहरी एका अभियंत्याने ती तयार केलेली होती. तिचा दांडा डोक्याच्या टोकाला नसून मधोमध बसविलेला होता. ही काठी हाती येताच हरवलेला सूर सापडावा तसे झाले. पूर्वीचा विजेता हॅरोल्ड हिल्टन त्याच्याकडून हरला. उपांत्य सामन्यात समोर आला तो होरेस हचिन्सन, म्हणजे ज्याचे पुस्तक वाचून ट्रॅव्हिस हा खेळ शिकला तोच. एकलव्याची आठवण व्हावी असा हा प्रसंग. त्यालाही हरवून ट्रॅव्हिसने अंतिम सामन्यात एडवर्ड ब्लॅकवेल या त्या काळच्या अत्यंत दूर मारणाऱ्या खेळाडूला गाठले आणि तीन खळगे शिल्लक असतानाच सामना जिंकला. चषक समुद्रापार गेला.

या एकलव्याकडे कोणी अंगठा मागितला नाही, पण काठी मागितली असे म्हणता येईल. १९१० साली सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने तशा घडणीच्या काठ्यांना बंदी केली. अमेरिकेने ती बंदी मानली नाही. सहा वर्षे मध्ये गेली असली तरी सँडविचचा पराभवच या बंदीच्या मुळाशी आहे, अशी पुष्कळांची समजूत होती. ही बंदी उठावयास १९५१ साल उजाडले. ट्रॅव्हिसचे सामर्थ्य एका काठीत नव्हते, हे मात्र त्याच्या आधीच्या तीन राष्ट्रीय विजयांनी सिद्ध केलेले होते. १९१५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, न्यूयॉर्क परिसरातील मेट्रोपॉलिटन अजिंक्यपद त्याने चौथ्यांदा जिंकले. तरुण खेळाडू त्याला ‘म्हातारा’ म्हणत, पण त्या शब्दात आता धाक होता.

उत्तर आयुष्यात त्याने १९०८ साली ‘द अमेरिकन गोल्फर’ हे मासिक काढले आणि मैदानांची आखणी केली. व्हर्माँटमधील एक्वानॉक मैदानाच्या आखणीत त्याचा वाटा होता, आणि न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरची मैदाने त्याचीच. १९२४ साली ऑगस्टा येथे बॉबी जोन्स या तरुण खेळाडूला त्याने हिरवळीवरचा धडा दिला. पाय जवळ घ्यावयास लावले, हातांची ठेवण बदलली, दोन्ही मनगटे एकमेकांस तोलून कशी चालावीत ते दाखविले. जोन्स हा तेव्हाच नामवंत होता, तरी तो हा धडा शिकला आणि त्याचे ऋण त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. १९३० साली त्याने एकाच वर्षात चारही प्रमुख अजिंक्यपदे मिळविली. ते पाहावयास ट्रॅव्हिस हयात नव्हता. १९२७ च्या जुलैअखेर डेन्व्हर येथे त्याचे निधन झाले होते.

अलीकडे प्रत्येक फटक्याचे अंतर नोंदवून खेळाचा हिशेब मांडता येतो. कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रॉडी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले, की चांगल्या आणि साधारण खेळाडूंतील फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत असतो. तेव्हा लांबच्या काठीकडे पाठ फिरवून चालणार नाही, हे खरेच. पण हा शोध ट्रॅव्हिसला खोटा पाडतो असे नव्हे. त्याचा लांब फटका दूरवर जात नसे, पण झाडीतही जात नसे. आखूड फटक्यांत कमावलेला संयम त्याने लांब फटक्यापर्यंत नेला होता. नवशिक्याचे फटके वाया जातात ते बहुतेक आवाक्याबाहेर जोर लावल्याने, आणि तो जोर आवरण्याची सवय लावावयास खळग्याजवळच्या दोन-तीन फुटांसारखी शाळा नाही.

चौतिसाव्या वर्षी सुरू करून बेचाळिसाव्या वर्षी ब्रिटनचा चषक नेणारा माणूस रोज रोज निपजत नाही. पण ११० वरून ८२ वर येणे हे मात्र अनेकांच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी वय कमी असावे लागत नाही. घाई कमी असावी लागते.