सुई-दोऱ्याच्या जोरावर तिने स्वतःला विकत घेतलं आणि पुढे थेट व्हाइट हाऊस गाठलं

तारीख ५ मार्च १८६१. आदल्याच दिवशी अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून शपथ घेतली होती. त्यांच्या पत्नी मेरी लिंकन यांना आता एकामागून एक समारंभ होते, आणि त्यासाठी ड्रेस शिवून देणारी चांगली बाई हवी होती. त्या दिवशी चार जणी मुलाखतीला आल्या होत्या. तिघींचं बोलणं झालं, त्या गेल्या. काम मिळालं चौथीला.

या चौथीचं नाव एलिझाबेथ केकली. वय ४३. जेमतेम साडेपाच वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याच्या नजरेत ती माणूसच नव्हती. घोडा, गाडी, जमीन यांच्यासारखीच ती कुणाच्या तरी मालकीची वस्तू होती. तिची आणि तिच्या मुलाची मिळून किंमत ठरली होती १२०० डॉलर, आणि ती किंमत तिने शिवणकाम करून फेडली होती.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल.

एलिझाबेथचा जन्म १८१८ चा, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातला. आई अॅग्नेस ही आर्मिस्टेड बर्वेल नावाच्या जमीनदाराकडे गुलाम होती. मालकाच्या घरच्यांचे आणि गुलामांचेही कपडे शिवायचं काम तिच्याकडे होतं. एलिझाबेथ सुई धरायला शिकली ती आईकडूनच. तिचा जन्मदाता कोण, तर खुद्द मालक. पण गुलाम आईचं मूल गुलामच, असा तिथला कायदा. त्यामुळे ज्या घरात ती राबत होती त्या घरातली मुलं नात्याने तिची सावत्र भावंडं होती आणि कायद्याने तिची मालक.

वयाच्या चौथ्या वर्षी तिला मालकाचं बाळ सांभाळायला बसवलं. पाळणा जोरात हलवताना बाळ खाली पडलं, आणि त्या चार वर्षांच्या पोरीला चाबकाचे फटके बसले. तिच्या आईने ज्याला नवरा मानलं होतं तो जॉर्ज हॉब्स दुसऱ्या मालकाकडे गुलाम होता. त्याचा मालक दूर पश्चिमेला निघाला तसा जॉर्जलाही घेऊन गेला. मायलेकींची आणि त्याची पुन्हा कधीच भेट झाली नाही.

चौदाव्या वर्षी एलिझाबेथला मालकाच्या मुलाच्या संसारात कामाला धाडलं. हा रॉबर्ट बर्वेल धर्मोपदेशक होता. पुढे हे कुटुंब नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरो गावात गेलं. तिथे तिचा ताठा मोडायचा म्हणून शेजारच्या शाळामास्तराकडून तिला मारहाण करवली गेली. त्याच गावातल्या एका गोऱ्या माणसाने चार वर्षं तिच्यावर अत्याचार केले. त्यातून १८३९ मध्ये तिला मुलगा झाला. त्याचं नाव तिने जॉर्ज ठेवलं.

पुढे ती, तिची आई आणि मुलगा असे तिघेही मालकाची मुलगी अॅन आणि तिचा नवरा ह्यू गारलँड यांच्या वाट्याला आले. हा गारलँड वकील होता, पण हातात पैसा नव्हता. नशीब काढायला हे कुटुंब १८४७ च्या सुमारास मिसूरीतल्या सेंट लुईस शहरात आलं, तरी परिस्थिती काही सुधारेना. शेवटी घर चालवायला एलिझाबेथच्या म्हाताऱ्या आईलाच दुसऱ्यांच्या घरी कामाला पाठवायचं ठरलं.

एलिझाबेथला हे सहन झालं नाही. आईच्या जागी मी काम करते म्हणून तिने शहरातल्या बायकांचे कपडे शिवायला घेतले. हात इतका सफाईदार होता की बघता बघता सेंट लुईसमधल्या बड्या घरच्या बायका तिच्याकडे यायला लागल्या.

त्या काळचे ड्रेस म्हणजे सोपं प्रकरण नव्हतं. खाली घेराचा भलामोठा स्कर्ट, वर अंगाला घट्ट बसणारा बॉडिस. कापड बेतताना जरा चुकलं की बॉडिसला चुणी पडणार किंवा श्वास घेणं मुश्कील होणार. माप घेऊन कापड असं बेतायचं की ड्रेस अंगावर शिवल्यासारखा बसला पाहिजे, यात एलिझाबेथचा हात धरणारं कुणी नव्हतं.

या कमाईवर तिने तब्बल दोन वर्षं पाच महिने १७ माणसांचं पोट भरलं. त्यात तिचे मालकही आले. म्हणजे जी माणसं तिची मालक होती, ती तिच्या सुईवर जेवत होती, आणि शिवणाचा पैसा मात्र तिचा नव्हता.

इथेच तिने ठरवलं की आपला हात आपल्या मालकीचा झाला पाहिजे. स्वतःला आणि मुलाला विकत घेऊ द्या, अशी विनंती तिने गारलँडकडे केली. त्याने उडवून लावली. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. एकदा वैतागून त्याने खिशातून चांदीचं पाव डॉलरचं नाणं काढून तिच्यापुढे धरलं. जायचंच असेल तर नदी पार करायचं हे भाडं घे आणि जा, असा त्याचा रोख. मिसिसिपी नदीच्या पलीकडे इलिनॉय राज्य होतं आणि तिथे गुलामगिरी नव्हती.

तिने ते नाणं घेतलं नाही. पळून गेलेल्या गुलामाला परत पकडून आणायचा कायदा अख्ख्या देशाला लागू होता. तिला लपतछपत मिळणारं नाही, तर कागदावरचं, कायद्याने मिळालेलं स्वातंत्र्य हवं होतं. अखेर गारलँड तयार झाला आणि मायलेकराची किंमत ठरली १२०० डॉलर.

दरम्यान तिने जेम्स केकलीशी लग्न केलं. तो स्वतंत्र असल्याचं सांगत होता. प्रत्यक्षात तोही गुलाम निघाला आणि वर दारूडा. त्यामुळे ओझं हलकं व्हायच्या ऐवजी वाढलंच. दिवसभर लोकांचं शिवायचं आणि मालकाचं घर चालवायचं, यात १२०० डॉलर साठणार कसे?

गारलँड वारल्यावर तिने न्यूयॉर्कला जाऊन पैसे जमवायचं ठरवलं. त्याची बायको अॅन तयार झाली, पण एक अट घातली. ती परत आली नाही तर नुकसान भरून देऊ, असं लिहून देणाऱ्या सहा पुरुषांच्या सह्या आण. पाच सह्या झाल्या. सहावा म्हणाला की सही देतो, पण तू परत येशील यावर माझा विश्वास नाही. एलिझाबेथला ते इतकं लागलं की तिने ती सही घेतलीच नाही. ज्याचा आपल्या शब्दावर भरवसा नाही त्याची सही तिला नको होती.

प्रवास रद्द झाला. ती हताश होऊन बसलेली असताना मिसेस ल बुर्जुआ नावाची तिची एक ग्राहक घरी आली. स्वतःच्याच शहरातल्या बायकांचे कपडे शिवणाऱ्या बाईने न्यूयॉर्कमध्ये भीक का मागावी, असं तिचं म्हणणं. तिने ओळखीच्या बायकांकडून पैसे जमवले. एलिझाबेथने ते घेतले, पण कर्ज म्हणून. नोव्हेंबर १८५५ मध्ये तिच्या आणि मुलाच्या मुक्ततेचे कागद झाले. ते करून दिले अॅन गारलँडने. म्हणजे एलिझाबेथने स्वतःला विकत घेतलं ते आपल्याच सावत्र बहिणीकडून.

कर्ज फिटेपर्यंत ती सेंट लुईसमध्येच शिवत राहिली. १८६० मध्ये पै न पै फेडून तिने शहर सोडलं. आधी बाल्टिमोरला जाऊन कृष्णवर्णीय मुलींना कापड बेतायची आपली पद्धत शिकवायचा प्रयत्न केला, पण तो फसला. सहा आठवड्यांत तिने गाशा गुंडाळला आणि वॉशिंग्टन गाठलं. तिथे रोजाने शिवणकाम धरलं, दिवसाला अडीच डॉलर. व्हाइट हाऊसमधल्या बायकांचे कपडे शिवायचे, हे स्वप्न ती तेव्हापासून ओळखीच्यांना बोलून दाखवायची.

वॉशिंग्टनमध्ये तिचं नाव पसरायला एक ड्रेस कारणीभूत ठरला. इंग्लंडचे युवराज अमेरिकेत आले होते. त्यांच्या मेजवानीसाठी रॉबर्ट ली यांच्या पत्नीचा ड्रेस तिने शिवला. हेच ली पुढे गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेच्या फौजेचे सेनापती झाले. त्याच हिवाळ्यात तिने जेफरसन डेव्हिस यांच्या घरी काम केलं. डेव्हिस पुढे फुटून निघालेल्या दक्षिणेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नीने तिला आपल्याबरोबर दक्षिणेत चल म्हणून गळ घातली. एलिझाबेथने विचार केला आणि उत्तरेतच राहिली.

मग आला मार्च १८६१. मिसेस मॅक्लीन नावाच्या एका ग्राहकाला घाईने ड्रेस हवा होता. तो वेळेत दे, तुझी व्हाइट हाऊसमध्ये ओळख करून देते, असा तिने शब्द दिला. एलिझाबेथने ड्रेस वेळेत दिला आणि मिसेस मॅक्लीननेही शब्द पाळला.

मेरी लिंकन यांचा पहिला ड्रेस गुलाबी होता, पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या रेशमाचा. तो पोहोचवायला एलिझाबेथला इतका उशीर झाला की मेरी रुसून बसल्या. आता मी समारंभाला खालीच उतरत नाही म्हणाल्या. एलिझाबेथने समजूत काढून त्यांना ड्रेस घातला, केस सजवले. फिटिंग बघून राग पळाला, आणि खुद्द अध्यक्षांनीही ड्रेसचं कौतुक केलं. त्यानंतर काही महिन्यांतच तिने मेरीसाठी पंधरा-सोळा ड्रेस शिवले. वॉशिंग्टनमधली जांभळ्या मखमलीची, पांढऱ्या सॅटिनची बारीक किनार असलेली एक जोडी आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. ती तिनेच शिवली असं मानलं जातं.

पण माप घेता घेता नातं शिवणकामाच्या पलीकडे गेलं. ऑगस्ट १८६१ मध्ये गृहयुद्धात तिचा एकुलता एक मुलगा जॉर्ज विल्सन्स क्रीकच्या लढाईत मारला गेला. फेब्रुवारी १८६२ मध्ये लिंकन यांचा अकरा वर्षांचा विली तापाने गेला. विलीचं अखेरचं स्नान आणि कपडे एलिझाबेथनेच केले. दोघीही मूल गमावलेल्या आया होत्या. १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली तेव्हाही मेरींनी आधी तिलाच बोलावणं धाडलं.

याच काळात दक्षिणेतून सुटून आलेले हजारो गुलाम वॉशिंग्टनमध्ये उपाशी, उघडे पडले होते. त्यांच्यासाठी तिने १८६२ मध्ये मदत संस्था काढली. मेरी लिंकन यांनी २०० डॉलर दिले.

एवढं सगळं असून शेवट मात्र गोड झाला नाही. विधवा झालेल्या मेरींवर कर्जाचा डोंगर होता. १८६७ मध्ये त्यांनी जुने कपडे न्यूयॉर्कमध्ये विकायला काढले. सोबत एलिझाबेथ होती. विक्री फसली, वर्तमानपत्रांनी मेरींची छी थू केली. त्यांची बाजू लोकांना कळावी आणि आपलीही, म्हणून एलिझाबेथने १८६८ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. त्यात मेरींची खासगी पत्रंही छापली गेली. लोक भडकले. एका कृष्णवर्णीय शिंपिणीने गोऱ्या बाईंच्या घरातल्या गोष्टी सांगाव्यात, हे कुणालाच पचलं नाही. मेरींनी तिचं तोंड बघायचं सोडलं. ग्राहकही कमी होत गेले.

मग तिने शिकवायला घेतलं. १८९२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ती ओहायोच्या विल्बरफोर्स विद्यापीठात शिवणकाम शिकवायला गेली. तिचा मुलगा याच विद्यापीठात शिकला होता. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात तिने शिवणकामाचा विभाग मांडला. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तेच हे प्रदर्शन. बाल्टिमोरमध्ये सहा आठवड्यांत फसलेला प्रयत्न ३२ वर्षांनी जमला.

मे १९०७ मध्ये वॉशिंग्टनमधल्या निराधार कृष्णवर्णीय महिला आणि मुलांच्या आश्रमात तिचा मृत्यू झाला. १९३५ मध्ये तर एका पत्रकाराने एलिझाबेथ केकली नावाची बाईच नव्हती, असं छापून आणलं. तेव्हा जॉन वॉशिंग्टन नावाच्या कृष्णवर्णीय शिक्षकाने तिला पाहिलेल्या माणसांना शोधून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि १९४२ मध्ये पुस्तकात छापल्या. तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला २०१० साल उजाडलं.

आणि एक गोधडी आहे. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या संग्रहालयात ती जपली आहे. सगळी रेशमाची. मेरी लिंकन यांचे ड्रेस बेतताना उरलेल्या तुकड्यांतून एलिझाबेथने ती शिवली, असं परंपरेने सांगतात. ड्रेस शिवले ते मापं देणाऱ्यांसाठी. गोधडीला कुणाचंच माप नव्हतं. तिच्या मधोमध एक गरुड भरलाय, आणि त्याच्या खाली दोऱ्याने एकच शब्द काढलाय. इंग्रजीतल्या त्या शब्दाचा मराठी अर्थ स्वातंत्र्य.