पदवीचा विषय आणि आयुष्याचे काम : कै. इरावतीबाई कर्वे

जून महिना आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलीने कोणता विषय घ्यावा? विषय चुकला तर जन्माचे नुकसान होईल, या धास्तीने मायलेकी दोघींचीही झोप उडते. अशा वेळी कै. इरावतीबाई कर्वे यांचे चरित्र आठवावे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेत शिकावयास पाठविले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या कुटुंबाने तिला पोटच्या मुलीप्रमाणे सांभाळले. त्या घरात पुस्तके होती आणि वादविवादाला मोकळीक होती.

१९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून त्या बी. ए. झाल्या. विषय होता तत्त्वज्ञान. त्यानंतर मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र घेऊन त्यांनी १९२८ मध्ये एम. ए. केले. लग्न झाले रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. बाईंनी जर्मनीस जाऊ नये, असे सासरे महर्षी कर्वे यांचे मत होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या घरातही ही अडचण आली! परंतु यजमान पाठीशी उभे राहिले आणि बाई बर्लिनला गेल्या.

तेथे विषय पुन्हा बदलला. मानवशास्त्रासाठी त्या माणसांच्या कवट्या मोजू लागल्या. कवटीच्या ठेवणीवरून वंशाचे श्रेष्ठत्व ठरते, या मताला त्यांच्या मोजमापांत आधार सापडला नाही. मार्गदर्शक त्या मताचे असूनही बाईंनी जे दिसले तेच लिहिले. १९३० मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या.

एवढे शिकून आल्यावर काम मिळाले ते मुंबईस महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचे! काही वर्षे त्यांनी तेही केले. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकविण्याची जागा मिळाली आणि १९७० साली निधन होईपर्यंत त्या तेथेच रमल्या. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. कोयना धरणामुळे उठून जावे लागलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केली. महाभारतातील माणसांवर लिहिलेल्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मग तत्त्वज्ञानाची पदवी वाया गेली काय? ‘युगान्त’ वाचताना तसे वाटत नाही. मनुष्य असा का वागतो, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आणि नात्यागोत्यांची जाण, दोन्ही तेथे एकत्र आली आहेत.

विषयाला काहीच महत्त्व नाही, असे मात्र कोणी समजू नये. बर्लिनच्या अभ्यासाखेरीज पुढील संशोधन झाले नसते. त्यांना शिष्यवृत्ती, परांजप्यांचे घर आणि समजूतदार नवरा लाभला, हेही विसरता येत नाही. प्रत्येकीचे भाग्य असे नसते.

म्हणून एवढीच विनंती. आपली लेक, सून किंवा शेजारची पोर बी. ए. नंतर दुसरीकडे वळू म्हणाली, तर आधीची वर्षे फुकट गेली असे तिला ऐकवू नये. तिच्या पाठीशी उभे राहणारे एक माणूस आपल्याला होता आले, तर पुष्कळ झाले.